आमच्या मंडळीची ट्रंक: गावातल्या चर्चचा इतिहास लिहायला मदत हवी आहे

गोदाकाठची

नमस्कार. हा धागा बरेच दिवस मनात होता.

गेल्या महिन्यात गावी गेले होते. रविवारची उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला चर्चच्या मागच्या खोलीत नेलं आणि तिथली पत्र्याची ट्रंक उघडली. म्हणाले, "ताई, पुढच्या वर्षी स्मरणिका काढायची म्हणतोय. यातलं काय कामाचं ते तुम्हीच बघा." आत बाप्तिस्म्याची दोन रजिस्टरं होती, पंचांच्या सभांच्या वह्या होत्या, पानं कुरतडलेली गीतपुस्तकं होती आणि अगदी तळाशी, मांजरपाटात गुंडाळलेली एक लांबट वही. तिच्यातलं अक्षर मोडी. मला एकही ओळ धड लागेना. बोरूनं लिहिलेलं आहे एवढं मात्र कळलं, कारण शाई अजून काळीभोर आहे.

गाव नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणायचं, नेवासे तालुक्यात. नगर-औरंगाबाद रस्ता सोडून आत गेलं की ओढ्याच्या अलीकडे दगडी चर्च दिसतं. आमच्याकडे जुनी माणसं त्याला देऊळच म्हणतात. आजीही "देवळात जाऊन येते" म्हणायची, आणि ती कुठल्या देवळात गेली हे गावात कोणाला विचारावं लागत नसे.

नगरचं अमेरिकन मराठी मिशन १८३१ च्या डिसेंबरात सुरू झालं. ॲलन ग्रेव्हज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्वी हे तिघे मिशनरी मुंबईहून आले. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ नावाचे ब्राह्मण ख्रिस्ती होते. हर्वी सहा महिन्यांच्या आतच पटकीनं गेले. १८३३ मध्ये नगरला पहिली मंडळी स्थापन झाली आणि त्याच वर्षी बाबाजीही गेले. तिथून हे काम हळूहळू खेड्यांत उतरलं. आमच्या भागाचं ठाणं वडाळा बहिरोबाला होतं आणि तिथे सॅम्युएल फेअरबँक साहेबांनी आयुष्याची कितीतरी वर्षं काढली. मोठा माणूस. मराठी उत्तम, शेतीची जाण, पक्ष्यांचा आणि शंखशिंपल्यांचा अभ्यास. दक्षिणेत पलनीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचं नाव आजही आहे.

माझी अडचण इथेच सुरू होते. आजवर आमच्या भागातल्या मंडळ्यांबद्दल जे छापलं गेलं त्यात साहेब आहेत, मडमसाहेब आहेत, फार तर पहिले देशी पाळक आहेत. एका पक्ष्यालासुद्धा साहेबांचं नाव आहे. पण ज्यांनी ओढ्यातले दगड डोक्यावरून वाहिले, ज्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर गावाचा रोष सोसला, पाळक नसतानाही ज्यांनी रविवार मोडला नाही, त्यांची नावं कुठे आहेत? ती बहुतेक सगळी महार-मांग वाड्यातली माणसं होती. माझं घरही त्यातलंच.

मला मंडळीचा इतिहास या माणसांचा म्हणून लिहायचा आहे. कुठून सुरुवात करू? आणि मोडी वाचणारं इथे कोणी आहे का?

टाळकरी

सलाम ताई. मी राहुरीकडचा. वय झालंय, टायपायला वेळ लागतो, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

गाण्यांपासून सुरुवात करा. आमच्या मंडळ्या लिहिण्याआधी गायला शिकल्या. खेड्यातल्या माणसाला वाचता येत नव्हतं, तेव्हा शास्त्र त्याच्या कानातून आत गेलं. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं. उभं राहायचं, हातात चिपळ्या, मागे टाळ-मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं आपल्या रीतीचं. आख्यान मात्र उधळ्या पुत्राचं, नाहीतर योसेफाचं. माझे आजोबा सांगायचे की कीर्तन असलं की सगळ्या गावातली माणसं पाराच्या अलीकडे येऊन बसायची. देवळात पाऊल टाकायची नाहीत, पण ऐकायची.

मग टिळक आले. १८९५ साली मुंबईला नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढची वीसेक वर्षं त्यांनी नगर भागातच काढली. त्यांच्या अभंगांनी आमची उपासना खाली, सतरंजीवर बसवली. आमच्याकडे मयत झाली की घरातून निघताना अजूनही टिळकांचंच पद म्हणतात. पेटी नसली तरी चालतं, सगळ्यांना पाठ असतं.

तुमच्या ट्रंकेतली गीतपुस्तकं टाकू नका. त्यांच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर लोक हातानं लिहून ठेवत. आमच्या घरच्या पुस्तकात जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत, उसने दिलेले दाणे आहेत आणि एका गाण्याची चालही लिहिलेली आहे: "जात्यावरची, मामीची."

गोदाकाठची

टाळकरीकाका, सलाम. "जात्यावरची, मामीची" वाचून डोळे भरून आले. कोरी पानं बघायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पाळकसाहेबांना आत्ताच फोन करून सांगितलं, एकही पुस्तक रद्दीत जाणार नाही.

पांथस्थ

चांगला विषय. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे दोन साधे प्रश्न विचारतो. "मंडळी" म्हणजे नेमकं काय, इमारत की माणसं? आणि नगर भागात एकाच लहान गावात दोन-तीन चर्च दिसतात, ते का?

शाळामास्तर

पांथस्थ, मंडळी म्हणजे माणसं. इमारत पडली तरी मंडळी राहते. आमच्या गावची मंडळी तर कित्येक वर्षं एका लिंबाखाली भरत होती.

आता दुसरं. अमेरिकन मिशनची रीत अशी की प्रत्येक गावची मंडळी आपल्या पायावर उभी. सभासदांची सभा भरणार, पंच निवडणार, पाळकाला पाचारण करणार. वरून हुकूम नाही. ज्याला गावच्या चावडीत उंबऱ्याच्या आत घेत नव्हते, तो माणूस इथे सभेत हात वर करून मत देत होता. हे कोणत्या काळात चाललं होतं ते लक्षात घ्या. मतदान हा शब्द खेड्यात पोचायच्या कितीतरी आधी आमच्या मंडळ्यांत ठराव, अनुमोदन, "सर्वानुमते मंजूर" हे शब्द रुळले होते. ताई, तुमच्या सभांच्या वह्या या नजरेनं वाचा.

१८७३ च्या सुमारास नगरला एस.पी.जी. आलं. हे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचं मिशन. त्यांच्यात बिशप, प्रार्थनेचं ठरलेलं पुस्तक, बिशपच्या हातून होणारा दृढीकरणाचा विधी. मग जर्मन भाषिक येशूसंघीय (जेझुइट) कॅथलिक फादर आले आणि राहुरी तालुक्यातल्या केंदळ, वळण या बाजूला त्यांनी काम उभं केलं. म्हणून एकाच वाड्यातली एक गल्ली अमेरिकन, दुसरी एस.पी.जी. आणि ओढ्यापलीकडे रोमन. माझी आई अमेरिकन मंडळीतली आणि वडील एस.पी.जी.मधले. लग्नानंतर आईला गुडघे टेकून प्रार्थना करायची सवय लागायला दोन वर्षं गेली.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि त्यात सहा वेगवेगळ्या परंपरा एकत्र आल्या. कागदावर माझे आईवडील त्या दिवशी एका मंडळीचे झाले. आई म्हणाली, "आता आपलं पुस्तक कोणतं?" हा प्रश्न गावोगाव विचारला गेला. त्या वर्षांतल्या सभांच्या नोंदी जरूर शोधा. इमारत कोणी बांधली यापेक्षा मंडळी कशी बदलली, हे तिथे सापडतं.

वसईकर

मी वसईची कॅथलिक. आमचा इतिहास पोर्तुगिजांपासूनचा, म्हणजे पार वेगळा. पण रजिस्टरांबद्दल थोडं सांगते, कारण आमच्या चर्चची जुनी पुस्तकं मी पाहिली आहेत.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत मूल, आईबाप आणि धर्ममातापिता अशी नावं असतात. शेवटच्या रकान्याकडे लोक दुर्लक्ष करतात, पण धर्ममातापिता कोण होते यावरून कोणाचं कोणाशी सख्य होतं ते कळतं. आमच्या जुन्या नोंदी लॅटिनमधल्या आहेत, त्यामुळे घरी ज्याला सगळे जान्या म्हणत तो पुस्तकात योआनेस होऊन बसलाय. तुमच्याकडे निदान नावं मराठी असतील, हे मोठं भाग्य.

नेवाशाची लेक

वसईकर, आमच्याकडे नावांची वेगळीच गंमत... गंमत नको म्हणू, गोष्ट म्हणू. माझ्या पणजोबांच्या पिढीत बाप्तिस्म्यानंतरही नावं तीच राहिली. राणू, भिवा, सखू. पुढच्या पिढीत शिमोन, दाविद, मार्था आले. त्यानंतर दयाबाई, कृपाबाई, शांतवन, सत्यवान अशी गुणांची नावं आली. आडनावं मात्र कधीच बदलली नाहीत. आमच्याच आडनावाची गावातली दुसरी घरं १९५६ नंतर बौद्ध झाली. माझे काका जयंतीला त्यांच्याकडे जेवायला जातात आणि नाताळच्या करंज्या त्यांच्याकडे जातात. एकाच पणजोबांचे वंशज.

ताई, बायकांबद्दल लिहाल ना? सिंथिया फरार बाई १८२७ मध्ये मुंबईला आल्या, १८३९ मध्ये नगरला, आणि १८६२ मध्ये नगरमध्येच वारल्या. लग्न न केलेली बाई एकटी परदेशी मिशनवर पाठवायची, हे अमेरिकन मिशननं तोपर्यंत सहसा केलेलं नव्हतं. जोतीराव फुल्यांनी त्यांची मुलींची शाळा पाहिली होती आणि सावित्रीबाईंच्या शिक्षणाशीही फरारबाईंचं नाव जोडलेलं आहे. पण मला पुढचं विचारायचंय. त्या शाळांतून शिकलेल्या मुली खेड्यात परत आल्या आणि बायबलबाई झाल्या. हातात पिशवी, पायात वहाणा, रोज दोन गावं. घरोघरी जाऊन बायकांना वाचायला शिकवायच्या. माझी पणजी त्यातली एक होती. तिचा एकही फोटो नाही.

तर्कशुद्ध

मला एक गोष्ट विचारायची आहे, राग मानू नका. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात आणि पुढे १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत नगर भागात ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या वाढली, हे खरं आहे. मग धर्मांतर भाकरीसाठी झालं असं म्हटलं तर चूक काय? इतिहास लिहायचा तर हेही लिहा.

गोदाकाठची

तर्कशुद्ध, राग नाही. हे लिहीनच. टाळून लिहिलेला इतिहास मला नको आहे.

दुष्काळात माणसं मिशनकडे आली. मिशन धान्य देत होतं, अनाथ मुलं सांभाळत होतं, विहिरी-रस्त्यांवर काम देत होतं. ज्याचं पोर उपाशी आहे त्यानं हात पुढे केला तर त्यात लाज कसली? गावात ज्याच्या घागरीला विहिरीचं पाणी मिळत नव्हतं त्याचा दुष्काळ काही १८७६ ला सुरू झाला नव्हता.

पण दुष्काळ संपल्यावर काय झालं, हे पुढचं कोणी विचारत नाही. पंचांच्या वहीत बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिहिलेली काही पानं आहेत, ती मी वाचली. त्यात "नाव कमी केले" असे शेरे आहेत. काहीजण परत गेले. जे राहिले त्यांची गावकीची कामं बंद झाली, बलुतं थांबलं, मेलेल्या माणसाला पुरायला जागा मिळेना म्हणून मंडळीनं स्वतः जमीन मागितली. भाकरीसाठी आलेला माणूस भाकरी तुटल्यावर कशासाठी थांबला? मला या प्रश्नाचं उत्तर हवं आहे. ते कोणत्याही अहवालात नाही. असलंच तर या वह्यांत आहे.

तर्कशुद्ध

मान्य. हा प्रश्न माझ्यापेक्षा चांगला आहे.

जालनेकर

थोडं आमच्या बाजूचंही. नारायण शेषाद्री हे स्कॉटिश मिशनचे. १८४३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचे धाकटे भाऊ श्रीपत यांच्यावरून तेव्हा मुंबईत केवढं वादळ उठलं होतं, आणि श्रीपतला परत जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली होती. पुढे नारायणरावांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गावच वसवलं. निजामाच्या राज्यात तिथले दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली. मंडळीला राहायला घरं, पाणी, शेती, शाळा. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला आपल्याच गावात जगता येईना, म्हणून नवं गाव.

ताईंच्या मंडळीनं गाव सोडलं नाही, ओढ्याच्या अलीकडेच राहिली. मला तेही तेवढंच धाडसाचं वाटतं.

शाळामास्तर

यावरून एक दुखणं लिहितो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या यादीत फक्त हिंदू राहिले. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती नाहीत. गावानं आम्हाला आजवर आमच्या जुन्या जातीनंच ओळखलं. सरकारनं मात्र ओळखलं नाही. माझ्या दाखल्यावर काय लिहायचं यावरून वडिलांनी चार दिवस कचेरीचे हेलपाटे घातले. शेवटी तिथल्या कारकुनानं आपल्या मनानं काहीतरी लिहिलं. ते मी जन्मभर वागवतोय.

म्हणून जुनी रजिस्टरं जपा. आमच्या कितीतरी घरांना आपण कुठून आलो याचा तेवढाच लेखी पुरावा आहे.

कागदपत्री

मी जुन्या कागदांच्या जतनाचं काम करतो. घाईनं एवढं करा:

वही उन्हात घालू नका. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, त्यानं कागद कायमचा जातो. मांजरपाटातून काढली असेल तर तो धुवून, पूर्ण वाळवून पुन्हा त्यातच गुंडाळा. ज्यानं कोणी ती कापडात ठेवली त्यानं वही वाचवली आहे. डांबराच्या गोळ्या कागदाला चिकटून ठेवू नका. ट्रंक जमिनीवरून उचलून विटांवर ठेवा, वाळवी खालून येते. फोटो खिडकीच्या उजेडात, बरोबर वरून काढा, फ्लॅश न वापरता, आणि शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल.

बाहेरची साधनं हवी असतील तर अमेरिकन बोर्डाची, म्हणजे अमेरिकन मराठी मिशन चालवणाऱ्या संस्थेची, कागदपत्रं हार्वर्ड विद्यापीठाच्या हौटन ग्रंथालयात आहेत आणि एस.पी.जी.ची ऑक्सफर्डला. त्याआधी ज्ञानोदयचे जुने अंक बघा. ते पत्र १८४२ मध्ये नगरलाच निघालं आणि गावोगावच्या मंडळ्यांचं वर्तमान त्यात येत असे.

मोडीवाचक

गोदाकाठची, व्यनित (खाजगी निरोपात) पाठवलेली तीन पानं पाहिली. अक्षर एका हाताचं आणि सरावाचं आहे. लिहिणारा बहुधा शाळेवरचा मास्तर असावा, कारण शिरोरेषा पट्टी धरून ओढावी तशी सरळ आहे आणि अक्षरं तिला टांगलेली आहेत. मोडीत शब्द तोडत नाहीत, म्हणून तुम्हाला सगळी एकच ओळ वाटली.

पहिलं पान सुगीच्या सणाचं आहे. देवाला आणलेल्या जिनसांची यादी आणि पुढे लिलावात कोणी किती आण्याला घेतल्या ते. बाजरी, हरभरा, करडई, कोंबडी, अंडी, एक भोपळा, सुताची एक गुंडी. तुम्ही "पायली १ आणि दोन दांडे" असं विचारलं होतं. ते १॥ आहे, म्हणजे दीड. उभी एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा. दीड पायली बाजरी म्हणजे सहा शेर. ज्या घरी वर्षाची बाजरी पुरत नाही त्या घरातून सहा शेर निघाली आहे. तर्कशुद्धांच्या प्रश्नाला ही ओळ दाखवा.

दुसरं पान फाटकं आहे, त्याचा उजेड बदलून पुन्हा फोटो लागेल.

तिसरं पान देवळाच्या बांधकामाचं. रोकड देणारे थोडे. बाकीच्यांच्या नावापुढे "रोज" असा रकाना आहे. रोज म्हणजे अंगमेहनतीचे दिवस. ज्याच्याकडे पैसा नव्हता त्यानं दिवस दिले आणि लिहिणाऱ्यानं पैशाच्या शेजारी, त्याच ओळीत, दिवस मांडले. वेगळी यादी केली नाही. मोडीची बरीच दप्तरं वाचली, पण देणगीत असा हिशेब माझ्या पाहण्यात आलेला नाही.

टाळकरी

मोडीवाचक, लिलावाचं खरं आहे. आमच्याकडे अजून होतो. उपासना झाली की अंगणात भोपळा हातात धरून बोली लावतात. पाच रुपयांचा भोपळा तीनशेला जातो, आणि घेणारा तो पुन्हा देवाला देतो. मग परत बोली.

गोदाकाठची

मोडीवाचक, तुमचे आभार कसे मानू? तिसऱ्या पानावरची खालून चौथी ओळ मला स्वतःला वाचावीशी वाटत होती, कारण त्यात एक नाव ओळखीचं वाटलं. माझ्या खापरपणजोबांचं. त्याआधी "काम" असा शब्द दिसतो आणि शेवटी ९. म्हणजे त्यांनी नऊ दिवस काम केलं, असा मी अर्थ लावला. सुरुवातीचा शब्द गावाचं नाव असावं. बरोबर आहे का?

घरी एवढंच सांगत आलेत की देवळाच्या भिंतीत आपले दगड आहेत. उत्तरेकडच्या भिंतीत कमरेइतक्या उंचीवर एक निळसर दगड आहे, बाकीच्यांपेक्षा लहान. आजी जाता-येता त्याला हात लावायची. का, ते तिलाही माहीत नव्हतं. तिची सासू लावायची म्हणून ती लावायची.

मोडीवाचक

ताई, ती ओळ आज पुन्हा भिंगाखाली पाहिली. कान्याच्या वरची मात्रा फिकी झाली आहे, म्हणून तुम्हाला "काम" दिसलं. तो शब्द "कोम" आहे.

जुन्या कागदांत "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा आणि "कोम" म्हणजे अमक्याची बायको. आधी बाईचं नाव, मग कोम, मग नवऱ्याचं नाव. तेव्हा सुरुवातीचा शब्द गावाचं नाव नाही. ते तुमच्या खापरपणजीचं नाव आहे. नऊ दिवस त्यांचे आहेत. तुमच्या खापरपणजोबांची वेगळी ओळ वर आहे, तिच्यात रोज चार.

नाव स्पष्ट लागतं. तीन अक्षरी आहे. इथे लिहू का?

नेवाशाची लेक

अंगावर काटा आला.

गोदाकाठची

मोडीवाचक, इथे नका लिहू. व्यनित पाठवा.

आमच्या घरात ते नाव कोणालाच माहीत नाही. आजीची धाकटी जाऊ अजून आहे, नव्वदीला टेकली आहे, ऐकायला कमी येतं. सगळ्यांच्या आधी तिला सांगायचं आहे, तिच्या कानाशी बसून. शनिवारी निघते. रविवारी उपासनेनंतर ट्रंक पुन्हा उघडणार आहोत. पाळकसाहेबांनी घराघरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलावलं आहे. दुसऱ्या पानाचा फोटो त्या दिवशी खिडकीजवळ धरून पुन्हा काढेन.

मोडीवाचक

पाठवलं. दुसऱ्या पानावर निदान चौदा ओळी आहेत आणि त्यांतल्या पाचांत मला आत्ताच "कोम" दिसतोय. फोटो जमतील तेवढे जवळून काढा.